फुकटाच्या गॅसची काटकसर: एका इजेक्टरचं प्रकरण

रात्रपाळीवरून निरोप आला तो आवाजाबद्दल होता. "साहेब, अकराच्या सुमाराला शिट्टी बंद पडते आणि घरघर सुरू होते. मग दोन मिनिटांत फ्लेअर भडकतो."

इजेक्टर म्हणजे जास्त दाबाच्या गॅसच्या झोताने कमी दाबाचा गॅस ओढून वरच्या दाबावर नेणारं यंत्र. ते नीट चालत असताना त्याच्या डिफ्यूझरजवळ, म्हणजे शेवटच्या रुंदावत जाणाऱ्या नळीजवळ, एक सलग, कान किटवणारी शिट्टी असते. कानाला त्रास होतो, पण मनाला बरं वाटतं, कारण ती सलग असते तोवर आत सगळं जागच्या जागी आहे असं समजायचं. घरघर म्हणजे आतली शॉक-लहर, म्हणजे ध्वनिवेगापुढचा प्रवाह एकदम मंदावून दाब उडी मारतो ती जागा, मागे सरकली आहे. ऑपरेटरला शॉक-लहरीचं गणित माहीत नव्हतं, तरी त्यांनी बिघाडाचं वर्णन माझ्या नंतरच्या अहवालापेक्षा अचूक केलं होतं.

प्रकरण असं. एका प्रक्रिया-केंद्रात कमी दाबाच्या सेपरेटरमधून (द्रव आणि गॅस वेगळे करणाऱ्या भांड्यातून) निघणारा गॅस फ्लेअरवर, म्हणजे उघड्या ज्योतीत, जाळला जात होता. प्रमाण सेकंदाला ०.५ किलो, दाब ४ बार. तो जिथे हवा होता त्या हेडरचा, म्हणजे पुढे गॅस नेणाऱ्या सामाईक पाइपचा, दाब ६.५ बार. म्हणजे गॅस जवळच होता, फक्त अडीच बार खाली होता. त्याच आवारात दुसऱ्या बाजूने ४० बारचा गॅस येत होता, सेकंदाला २ किलो, आणि एका कंट्रोल व्हॉल्व्हमधून ओरडत ओरडत त्याच ६.५ बारच्या हेडरमध्ये उतरत होता. एकीकडे दाब नाही म्हणून गॅस जाळायचा आणि दुसरीकडे दाब जास्त आहे म्हणून व्हॉल्व्हमध्ये मारायचा. हे चित्र समोर आलं की इजेक्टर सुचलाच पाहिजे. (केंद्राची ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत, हिशेब मात्र तोच आहे. सगळे दाब निरपेक्ष आहेत, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. गेजवरचा आकडा तसाच समीकरणात टाकून डिझाइन बिघडवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगतो.)

यंत्र, ज्यात काहीच फिरत नाही

इजेक्टरला फिरता भाग नसतो. जास्त दाबाचा मोटिव्ह गॅस नोझलमधून सुटतो आणि दाब देऊन वेग घेतो. हा वेगवान झोत आजूबाजूचा कमी दाबाचा गॅस ओढून घेतो, दोघे एका सरळ नळीत मिसळतात आणि पुढच्या रुंदावत जाणाऱ्या डिफ्यूझरमध्ये वेग देऊन पुन्हा दाब मिळवतात. कल्पना जुनी आहे. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून वर सोडली की ती भट्टीतला धूर सोबत ओढून नेते, हे १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकच्या इंजिनातही होतं. १८५८ मध्ये आंरी जिफार याने वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचं पेटंट घेतलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कंडेन्सरमधली हवा काढायला हेच तंत्र रुळलं.

समजून घ्यायची गोष्ट एकच आहे, मिश्रण. धावता डबा संथ डब्याला आदळून दोघे जोडले गेले तर एकूण संवेग टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही. इजेक्टरच्या नळीत सेकंदासेकंदाला हेच घडत असतं. त्यामुळे त्याची कार्यक्षमता कमी असते आणि ती कमीच राहणार. आमच्या आकड्यांत सांगायचं तर एक किलो मोटिव्ह गॅस ४० वरून ७ बारवर आदर्श पद्धतीने उतरला तर सुमारे १९९ किलोज्यूल काम देऊ शकतो. त्याच्या बदल्यात अर्धा किलो गॅस ४ वरून ७ बारवर चढवायला आदर्श काम लागतं सुमारे ४१ किलोज्यूल. म्हणजे २१ टक्के. ऐकायला लाजिरवाणं आहे. पण तुलना कशाशी करायची ते आधी ठरवावं. शेजारचा कंट्रोल व्हॉल्व्ह त्याच १९९ किलोज्यूलचं शून्य करत होता. ४१ किलोवॉटचं ते काम ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरकडून घ्यायचं तर सुमारे ६० किलोवॉट शक्ती, सील, तेल, बेअरिंग आणि माणूस लागला असता.

कागदावरचा हिशेब

पहिल्या हिशेबाला मी कीनन, न्यूमन आणि लुस्टवर्क यांनी १९५० मध्ये मांडलेली स्थिर-दाब मिश्रणाची एकमितीय पद्धत वापरतो. संगणकावरच्या रंगीत चित्रांच्या आधी हा हिशेब हाताने करावा, कारण कुठला आकडा कशामुळे हलतो ते यातच दिसतं.

गॅसचा रेणुभार १८, विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर १.३, दोन्ही प्रवाहांचं तापमान ३०० केल्विन. सक्शनचा, म्हणजे ओढला जाणारा, गॅस खरं तर थोडा जड होता, ते इथे सोडून दिलं आहे. मिश्रण ३.५ बारवर होतं असं धरलं. मोटिव्ह गॅस ४० वरून ३.५ बारवर प्रसरण पावला की आदर्श वेग येतो ७१९ मीटर प्रति सेकंद. नोझलची कार्यक्षमता ०.९५ धरून तो ७०० झाला. मॅक अंक, म्हणजे तिथल्या ध्वनिवेगाच्या किती पट, २.१५. या झोताचं तापमान १७७ केल्विन, म्हणजे उणे ९६ अंश सेल्सिअस भरतं. हा आकडा पाहून नवखा माणूस दचकतो. गॅस त्या अवस्थेत क्षणाचाही अंशच असतो, वेग मंदावला की तापमान परत चढतं. तरीही ओलसर गॅस असेल तर हायड्रेटचा, म्हणजे पाणी आणि गॅस मिळून होणारा, बर्फ नोझलच्या कडेला धरू शकतो, त्यामुळे मोटिव्ह गॅस कोरडा ठेवणं ही चैन नाही, गरज आहे.

सक्शनचा गॅस ४ वरून ३.५ बारवर येताना १९१ मीटर प्रति सेकंद वेग घेतो. आता १ किलो मोटिव्हला ०.५ किलो सक्शन, म्हणजे ओढ-गुणोत्तर ०.५, असं मिसळलं तर संवेगाच्या हिशेबाने ५३० मीटर प्रति सेकंद मिळतात. भिंतीचं घर्षण आणि अपुरं मिश्रण यासाठी ०.८५ ने गुणलं, उरले ४५१. मिश्रणाचा मॅक अंक १.१७. पुढे सरळ नळीत शॉक-लहर, त्यातून दाब ४.९ बार. डिफ्यूझरने गतिज दाबाचा ७५ टक्के भाग परत मिळवला तर शेवटी ७.०७ बार.

हा ७.०७ म्हणजे या डिझाइनचा कडा. डिस्चार्जचा, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूचा, दाब याच्या खाली कितीही असो, ओढ जवळपास तेवढीच राहते. कारण मिश्र प्रवाह ध्वनिवेगाच्या पुढे आहे तोवर पुढच्या दाबाची बातमी मागे पोचतच नाही. दाब कड्याच्या वर गेला की शॉक-लहर मागे सरकते, बातमी थेट सक्शनपर्यंत जाते आणि ओढ उतरत नाही, कोसळते. थोडं आणखी पुढे गेलं की गॅस उलटा वाहू लागतो. कड्यावरच्या या पाठदाबाला, म्हणजे पुढच्या बाजूने येणाऱ्या दाबाला, आम्ही क्रिटिकल बॅक प्रेशर म्हणतो.

हवा होता ६.५, मिळत होता ७.०७. अर्ध्या बारपेक्षा जास्त जागा शिल्लक. मी समाधानी होतो.

मापं निघाली ती अशी. नोझलचा थ्रोट, म्हणजे सर्वांत अरुंद जागा, १३.५ मिमी, नोझलचं तोंड सुमारे २० मिमी, मिश्रणाची सरळ नळी ३७.३ मिमी व्यासाची आणि व्यासाच्या सातपट लांब, म्हणजे २६० मिमी. डिफ्यूझरचा अर्धकोन साडेतीन अंश ठेवला तर १०० मिमीच्या पाइपला भिडायला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त लांबी लागली. डिफ्यूझरच्या लांबीत कंजूषी करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण जागा कमी असते. कोन वाढवला की प्रवाह भिंत सोडतो आणि ७५ टक्क्यांचे ५० कधी झाले ते कळतही नाही. नोझल स्क्रूसारख्या दोऱ्यांवर बसवलं होतं, म्हणजे ते दहा-दहा मिमी मागेपुढे सरकवता येईल. ही एक गोष्ट मी कुठल्याही डिझाइनमध्ये सोडत नाही.

दिवसा चालतो, रात्री पडतो

चालू केला तेव्हा सुरेख चालला. फ्लेअरची ज्योत बोटभर उरली. दोन आठवड्यांनी तो निरोप आला.

पहिला संशय मी नोझलच्या जागेवर घेतला, कारण ती हलवता येत होती आणि माणूस जे हलवता येतं त्यालाच आधी हात घालतो. पुढे नेऊन पाहिलं, मागे आणून पाहिलं. ओढ थोडी बदलली, कोसळण्याचा दाब अगदी किरकोळ हलला. दुसरा संशय हेडरवर. रात्री पुढचे ग्राहक गॅस कमी घ्यायचे आणि हेडर ६.५ वरून ६.८, कधी ७.० पर्यंत चढायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं. डेटाशीटवर "डिस्चार्ज दाब ६.५" असा एकच आकडा होता आणि मी तो वेदवाक्य मानून घेतला. पण ७.० सुद्धा ७.०७ च्या खालीच होतं. म्हणजे तेवढ्याने पडायला नको होता.

तिसऱ्या दिवशी मी रात्रपाळीला जाऊन बसलो. साडेदहाला सेपरेटरकडून येणारा गॅस कमी व्हायला लागला. रात्री तो ०.५ वरून ०.३ किलोपर्यंत उतरायचा. इजेक्टरची भूक मात्र तीच. गॅस कमी, ओढ तेवढीच, म्हणून सेपरेटरचा दाब ३ बारच्या खाली जाऊन अलार्म वाजला. ऑपरेटर उठले आणि शांतपणे मोटिव्ह लाइनवरचा व्हॉल्व्ह आवळायला लागले.

"हे रोज करता?"

"रोज. ओढ जास्त झाली की मोटिव्ह कमी करायचा. थोडा आवळून काही फरक पडत नाही. आणखी आवळला की एका जागी बरोबर जमतं."

ते जे "जमतं" म्हणत होते, तिथेच सगळं उत्तर होतं. मोटिव्हचा दाब उतरला तरी इजेक्टर कड्याच्या अलीकडे असेपर्यंत सक्शनची ओढ कमी होत नाही. झोत बारीक होतो आणि उलट सक्शनला थोडी जास्तच जागा मिळते. पण दरम्यान कडा खाली खाली येत असतो. आणखी आवळत गेलं की कडा हेडरच्या दाबाला येऊन टेकतो आणि मग ओढ एकदम मऊ पडते. ऑपरेटरला ती मऊ जागा हवी होती आणि ती त्यांना रोज सापडत होती. फक्त ती जागा कड्याच्या उताराची होती. तिथून हेडर थोडा जरी चढला की इजेक्टर खाली.

मोटिव्हचा गेज त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे होता, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये रात्रभर ४० बारच दिसत होते. नोझलच्या तोंडाशी एक तात्पुरता गेज लावला. ३४ बार.

तोच हिशेब ३४ बारने परत केला. मोटिव्हचा प्रवाह दाबाच्या प्रमाणात उतरून ०.८५ किलो झाला, झोताचा वेग ७०० वरून ६८३. पूर्ण सक्शन धरलं तरी कडा ७.०७ वरून ६.३८ वर आला. हेडर ६.५ वर. म्हणजे हेडर नेहमीच्या दाबावर असतानाही इजेक्टर कड्याच्या पलीकडे. शिवाय सकाळी सेपरेटरचा गॅस परत वाढायचा तेव्हा व्हॉल्व्ह आवळलेलाच राहायचा, म्हणून कधीकधी दिवसाही पडायचा. "दिवसा चालतो" हे माझं वाक्यही पूर्ण खरं नव्हतं.

ऑपरेटरची यात चूक नव्हती. त्यांच्या आयुष्यात जेवढी यंत्रं आली त्या सगळ्यांत "जास्त झालं की इनपुट कमी करा" हा नियम चालतो. ओढ जास्त झाली तर काय करायचं हे डिझाइनमध्ये नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचा उपाय काढला.

माझी चूक

व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, दिवसा पूर्ण प्रवाहावर, हेडरच्या बाजूचा व्हॉल्व्ह हळूहळू दाबत नेला. कागद म्हणत होता ७.०७ ला पडेल. पडला ६.८ ला.

हा पाव बारचा फरक कुठून आला ते शोधायला फार खोल जावं लागलं नाही. मिश्रणासाठी धरलेला ०.८५ हा गुणक बघा. तो ०.८२ केला, फक्त तीन शतांश, तर कडा ७.०७ वरून ६.६२ वर येतो. ज्या अर्ध्या बारच्या शिलकीवर मी खूश होतो ती प्रत्यक्षात या एका गुणकाची चूक-बरोबर होती. मिश्र प्रवाह मॅक १.१७ सारखा ध्वनिवेगाला खेटून असला की थोड्या वेगाची घट शॉक-लहरीचा सगळा फायदा खाऊन टाकते. हे समीकरणात दिसत होतं, मी पाहिलं नव्हतं.

पण मूळ चूक याच्याही आधीची. मोटिव्ह गॅस २ किलो उपलब्ध होता. मी इजेक्टरला त्यातला १ किलो दिला आणि उरलेला १ किलो पूर्वीसारखाच कंट्रोल व्हॉल्व्हमधून हेडरमध्ये उतरू दिला. का? कारण ओढ-गुणोत्तर ०.५ हा आकडा अहवालात छान दिसतो. जणू मोटिव्ह गॅसला पैसे पडत होते आणि मी काटकसर करत होतो. तो गॅस तसाही त्याच हेडरमध्ये जाणार होता! इजेक्टरमधून गेला काय, व्हॉल्व्हमधून गेला काय, हेडरला फरक नव्हता.

वेगवेगळ्या गुणोत्तरांना कडा कुठे येतो ते एकदा मांडलं. ०.६ ला ६.५७ बार. ०.५ ला ७.०७. ०.४ ला ७.६८. ओढ-गुणोत्तर आणि पाठदाब यांची ही सरळ अदलाबदल आहे. मोटिव्ह महाग असेल, म्हणजे वाफ खास बॉयलरमध्ये तयार करावी लागत असेल, तर गुणोत्तरासाठी भांडावं. इथे भांडायचं काही नव्हतं.

ही सवय कुठून आली

थोडं विषयांतर, पण माझ्या मते कामाचं. ओढ-गुणोत्तराचा मोह मला प्रणोदनाच्या, म्हणजे विमानं पुढे ढकलण्याच्या, अभ्यासातून लागला होता. तिथे इजेक्टर उलट्या हेतूने वापरतात. दाब वाढवायचा नसतो, थ्रस्ट, म्हणजे ढकलणारा जोर, वाढवायचा असतो. ऊर्जा तेवढीच ठेवून दुप्पट हवा ढकलली तर वेग कमी होतो, पण संवेग वर्गमूळ दोनपट, म्हणजे १.४१ पट होतो. त्यामुळे तिथे जितकी हवा ओढाल तितकं चांगलं, आणि नळीचं क्षेत्रफळ नोझलच्या कितीतरी पट ठेवतात.

मग अनेकांना प्रश्न पडतो, मिसळताना संवेग तेवढाच राहतो तर जास्तीचा थ्रस्ट येतो कुठून? तो झोतातून येत नाही, तो नळीच्या ओठातून येतो. हवा आत ओढली जाताना प्रवेशाच्या गोलसर काठावर दाब उतरतो आणि तो काठ पुढे खेचला जातो. म्हणून प्रणोदनाच्या इजेक्टरमध्ये प्रवेशाच्या काठाचा गोलावा हा सजावटीचा नसतो, थ्रस्टचा वाढीव भाग त्याच पत्र्यावर लागतो. काठ धारदार केला, तर ओढलेली हवा दिसते आणि थ्रस्ट दिसत नाही.

आणि प्रयोगशाळेतला आकडा प्रत्यक्षात किती उतरतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही तिथलंच. अमेरिकी नौदलासाठी १९७० च्या दशकात रॉकवेलने एक्सएफव्ही-१२ए हे विमान बांधलं. इंजिनाचा झोत पंखांतल्या इजेक्टरमध्ये वळवून सरळ वर उचलायचं होतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून थ्रस्टमध्ये ५५ टक्के वाढ अपेक्षित होती. पूर्ण आकारात मुख्य पंखात मिळाली १९ टक्के आणि पुढच्या छोट्या पंखात ६. दोऱ्यांना बांधून १९७८ मध्ये चाचण्या झाल्या, पण ते विमान स्वतःचं वजन सरळ वर उचलू शकलं नाही. लांब नळ्यांमधले दाबाचे तोटे आणि अपुरं मिश्रण. माझा ०.८५ आणि ०.८२ मधला फरक याच कुळातला आहे, फक्त माझं विमान पडलं नाही, फ्लेअर पेटला.

वायू-संपीडनाच्या इजेक्टरमध्ये ओठाचं महत्त्व कमी, कड्याचं जास्त. दोन्हीकडे समीकरणं तीच असल्यामुळे एका बाजूची घाई दुसरीकडे सहज येते.

दुसरं डिझाइन

या वेळी हिशेब उलट्या टोकाकडून सुरू केला. हेडरचा वर्षभराचा नोंदलेला दाब मागवला. सर्वांत वाईट आकडा ७.० बार. ठरवलं की गुणक ०.८२ धरूनही कडा याच्या वर राहिला पाहिजे. ओढ-गुणोत्तर ०.४, म्हणजे मोटिव्ह १.२५ किलो. ०.८५ ला कडा ७.६८, ०.८२ ला ७.१८. बसलं. एका इजेक्टरमध्ये करायचं तर थ्रोट १५.१ मिमी आणि मिश्रणाची नळी ३९ मिमी झाली असती. क्षेत्रफळांचं गुणोत्तर पहिल्या डिझाइनमधल्या ७.६ वरून ६.७ वर आलं. नळी नोझलच्या मानाने बारीक झाली, आणि कडा वर सरकला तो यामुळेच.

पण एकच इजेक्टर ठेवला असता तर रात्रीचा प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून तो दोनात फोडला: एकात तिसरा हिस्सा, दुसऱ्यात दोन तृतीयांश. छोट्याचा थ्रोट ८.७ मिमी, नळी २२.६. मोठ्याचा थ्रोट १२.४, नळी ३१.९. दोन्ही चालू असताना ०.५ किलोची ओढ, फक्त मोठा चालू तर ०.३३, फक्त छोटा तर ०.१७. मोटिव्ह लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्ह ठेवलाच नाही. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असा बॉल व्हॉल्व्ह ठेवला. आवळायची सोयच काढून टाकली. मधल्या पायऱ्या भरून काढायला डिस्चार्जमधला थोडा गॅस सक्शनकडे परत सोडणारी एक लहान लाइन दिली. सेपरेटरचा दाब ४ च्या खाली जायला लागला की ती उघडते. सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरवर काम केलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. इजेक्टरची भूक कमी करता येत नाही, त्याला दुसरं काहीतरी खायला द्यायचं.

नोझलच्या आत दांडी सरकवून थ्रोट लहानमोठा करणारे इजेक्टरही मिळतात. त्यात मोटिव्हचा दाब वाया न घालवता प्रवाह बदलता येतो, हे खरं. पण नोझल लहान केला की नळी त्याच्या मानाने मोठी होते, गुणोत्तर बदलतं आणि कडा पुन्हा खाली येतो. हेडर हलतच नसता तर मी तो मार्ग घेतला असता.

एक गोष्ट जवळपास निसटली होती. दोन इजेक्टर समांतर लावले आणि एक बंद ठेवला तर त्या बंद इजेक्टरमधून हेडरचा गॅस सक्शनकडे मोकळा वाहतो, कारण इजेक्टर म्हणजे शेवटी एक उघडी नळीच. प्रत्येकाच्या सक्शनला आपोआप बंद होणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह घातला. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर मी विसंबलो नाही. पहिल्या इजेक्टरच्या प्रत्येक कोसळण्याला तो दणकन आपटत होता आणि काढला तेव्हा त्याची पाकळी वाकलेली होती.

गेज नोझलच्या तोंडाशी बसवला, बोल्ट लावायच्या अंतरावर. कंट्रोल रूममध्ये आता तोच आकडा दिसतो.

आवाजासाठी डिस्चार्जचा पाइप जाड भिंतीचा घेतला आणि त्यावर ध्वनिरोधक वेष्टण चढवलं. दोन्ही इजेक्टरांची शिट्टी वेगळ्या स्वराची आहे, त्यामुळे कुठला इजेक्टर चालू आहे ते वेष्टणाबाहेरूनही कळतं. लहान आकाराचा स्वर वरचा.

चाचणी, आणि त्यानंतरचं

दोन्ही पूर्ण चालू ठेवून हेडरची बाजू पुन्हा दाबत नेली. ७.० ला काही नाही. ७.२ ला काही नाही. ७.४ ला शिट्टी फाटली आणि आम्ही लगेच मागे घेतलं. कागदावरच्या ७.१८ आणि ७.६८ यांच्या बरोबर मध्ये. रात्री गॅस ०.३ वर उतरला तेव्हा छोटा आपोआप बंद झाला, परतीची लाइन किंचित उघडली आणि सेपरेटर ४ बारवर थांबला. रात्रपाळीवर त्या वेळी तेच ऑपरेटर होते. त्यांनी सवयीने मोटिव्ह लाइनकडे पाहिलं, तिथे आवळायला काही नाही हे पाहून परत बसले.

कागदावर हा इजेक्टर पहिल्यापेक्षा वाईट आहे. गुणोत्तर ०.४, कार्यक्षमताही कमी. आढावा बैठकीत एकाने हे विचारलंच, की सुधारणा म्हणता आणि आकडा खाली कसा. फ्लेअरकडे जाणाऱ्या लाइनचा महिन्याभराचा आलेख पुढे ठेवला, त्यावर बोलणं झालं नाही.

पहिल्या शटडाउनमध्ये नोझल काढून प्लग गेजने मोजले. मोठा जसाच्या तसा. छोट्याचा थ्रोट ८.७ वरून ९.० मिमी झाला होता, कडा गुळगुळीत पण झिजलेल्या. क्षेत्रफळ सहा ते सात टक्के वाढलं, म्हणजे मोटिव्हही तेवढाच जास्त जात होता आणि नळी तीच असल्याने क्षेत्र-गुणोत्तर उतरलं होतं. कडा थोडा वरच गेला असणार, म्हणून चालवताना काही जाणवलं नाही, ओढ मात्र थोडी घटली असणार. छोट्याची मोटिव्ह लाइन मुख्य पाइपच्या तळातून घेतली होती, त्यामुळे साचलेला द्रव आणि बारीक कण नेमके त्याच्या वाट्याला येत होते. जोड आता पाइपच्या माथ्यावरून घेतला आहे आणि त्याआधी एक लहान फिल्टर-सेपरेटर बसवला आहे. नवा नोझल कठीण मिश्रधातूचा आहे, दोरे जुनेच.